आयोच्या कडेवरचा ढग

दिनांक ९ मार्च १९७९. प्रायश्चित्तकाळातील दुसरा शुक्रवार. आमच्याकडे क्रुसाच्या वाटेची भक्ती होऊन, रात्रीची जेवणे उरकून घरोघरी दिवे मालवले जात होते, तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहरी, जेट प्रपल्शन लॅबोरेटरी या संस्थेत सकाळचे काम सुरू झाले होते. लिंडा मोराबिटो नावाची पंचविशीतील एक अभियंता संगणकाच्या पडद्यावर एक छायाचित्र न्याहाळत होती. छायाचित्र दिसायला मुळीच सुंदर नव्हते. गुरूचा उपग्रह आयो त्यात चंद्रकोरीसारखा दिसत होता, पण प्रकाश इतका अधिक घेतला गेला होता की कोर पांढरी फटक पडली होती. लिंडाबाईंना आयोशी कर्तव्यही नव्हते. त्यांचे काम यानाचा मार्ग तपासण्याचे. आयोच्या मागे आकाशात जे अंधूक तारे होते, त्यांच्याशी आयोचे स्थान ताडून पाहायचे आणि व्हॉयेजर-१ हे यान नेमके कोठे आहे ते ठरवायचे, एवढेच. अंधूक तारे उमटावेत म्हणूनच प्रकाश जास्त घेतला होता.

त्यांनी पडद्यावरील अंधूक भाग उजळवले. आयोच्या कडेबाहेर, जेथे रिकामे काळे आकाश असावयास हवे होते तेथे, छत्रीसारखा एक फिकट ढग दिसला.

या ढगाचा उलगडा होण्यास पुढे दिवसभराची धडपड लागली. ती सांगण्यापूर्वी वाचकांस आम्ही ३६९ वर्षे मागे नेऊ इच्छितो. कारण आयोचा सारा इतिहास हा पाहण्याचा इतिहास आहे. आणि समोर असलेले दिसणे व दिसलेले ओळखणे या दोहोंत किती अंतर असते हे त्यात पदोपदी आढळते.

दिनांक ७ जानेवारी १६१० रोजी पादुआ येथे गॅलिलिओ यांनी आपली दुर्बीण गुरूकडे वळवली आणि त्यांना त्याच्या शेजारी तीन लहान तारे दिसले. वास्तविक तीनांपैकी एक तारा म्हणजे दोन होते. आयो आणि युरोपा हे दोन उपग्रह त्या रात्री इतके जवळ होते की त्यांच्या दुर्बिणीतून ते एकच भासले. दुसऱ्या रात्री, ८ जानेवारीस, ते वेगळे दिसले. आयोच्या शोधाची तारीख म्हणून हीच मानली जाते. म्हणजे पहिल्या रात्री आयो दिसला होता, पण ओळखला गेला नव्हता! काही दिवसांतच गॅलिलिओंच्या ध्यानी आले की हे तारे नव्हेत; गुरूभोवती फिरणारे चार चंद्र आहेत. आज आपण वापरतो ती आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो ही नावे मात्र त्यांची नव्हेत. केप्लर यांच्या सूचनेवरून सायमन मारियस या जर्मन ज्योतिर्विदाने ती १६१४ साली आपल्या ग्रंथात छापली.

रोममधील येशूसंघीयांच्या महाविद्यालयात, अर्थात कोलेजिओ रोमानोत, ही वार्ता पोहोचली तेव्हा फादर क्रिस्तोफर क्लाव्हियस यांना ती प्रथम पटली नाही. १५८२ सालच्या ग्रेगोरियन पंचांगाच्या गणितात ज्यांचा मोठा वाटा होता तेच हे क्लाव्हियस. वय सत्तरीच्या पुढे. ऐकीव गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि ते योग्यच केले असे आम्हांस वाटते. त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणी तयार केल्या, रात्रीमागून रात्री गुरूकडे पाहिले आणि डिसेंबर १६१० मध्ये क्लाव्हियस यांनी स्वतः गॅलिलिओंना पत्र लिहून ते चंद्र आपणही पाहिल्याचे कळवले. पुढे एप्रिल १६११ मध्ये कार्डिनल बेलार्मिन यांनी या गणितज्ञांना पाच प्रश्न लेखी विचारले. २४ एप्रिलच्या उत्तरावर चौघांच्या सह्या आहेत : क्लाव्हियस, ग्रीनबर्गर, मालकोट आणि लेम्बो. गुरूभोवती चार तारे वेगाने फिरतात, याविषयी चौघांचे एकमत होते. मतभेद झाला तो आपल्याच चंद्राविषयी. तो खडबडीत आहे, त्यावर डोंगर आहेत, हे वृद्ध क्लाव्हियस यांस मानवेना. कदाचित त्याचे द्रव्य कोठे दाट व कोठे विरळ असेल, असे त्यांना वाटे. प्रकाशाचा ठिपका मोजणे एक आणि पृष्ठभाग पाहून तो कशाचा आहे हे सांगणे दुसरे. ही दुसरी विद्या फार अवघड, हे त्या कागदावरून तेव्हाच दिसून आले. १६३३ सालच्या निवाड्याची कहाणी वाचकांना ठाऊक आहे, आणि ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या काळच्या ईशज्ञान्यांची चूक झाली असे जाहीरपणे म्हटले हेही ठाऊक आहे. तो येथे आमचा विषय नाही.

यानंतर साडेतीनशे वर्षे आयो ठिपकाच राहिला. उपयोगी ठिपका. तो साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती एक फेरी घालतो आणि प्रत्येक फेरीत त्याच्या सावलीत बुडतो. या ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात असे पाहून ओले रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाने १६७६ साली पॅरिस येथे दाखवून दिले की प्रकाशास प्रवासाला वेळ लागतो. पण खुद्द आयो कसा आहे? त्याचा व्यास सुमारे ३,६४० किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहून किंचित मोठा. घनताही चंद्राच्या आसपास. तेव्हा तो चंद्रासारखाच असणार, विवरांनी भरलेला, थंड, केव्हाच मेलेला, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते.

काही खुणा मात्र या समजुतीत बसत नव्हत्या. १९७३ साली त्याच्याभोवती सोडियमचा ढग आढळला. फेब्रुवारी १९७८ मध्ये काही शास्त्रज्ञांना आयो अवरक्त किरणांत अकस्मात प्रखर झालेला दिसला. त्यातून काही शे अंश तापमानाचा तप्त भाग सूचित होत होता, पण आयोवर तसे काही असेल हे त्यांनाच संभवनीय वाटले नाही. पुरावा हाती आला, आणि हातीच राहिला.

जवळून पाहण्याचा पहिला प्रयत्न पायोनिअर-१० या यानाचा. डिसेंबर १९७३ मध्ये ते गुरूजवळून गेले. आयोचे एक जवळचे छायाचित्र घेण्याचे ठरले होते. परंतु गुरूभोवती विद्युतभारित कणांचा जो भयंकर पट्टा आहे, त्याच्या माऱ्याने यानाच्या यंत्रणेत खोट्या आज्ञा उमटल्या आणि ते छायाचित्र हातचे गेले. पुढल्या वर्षी पायोनिअर-११ ने एक बरे छायाचित्र मिळवले, तेही उत्तर ध्रुवाकडचे. आयो या पट्ट्याच्या ऐन गाभ्यात फिरतो. त्याच्या दर्शनाला जाणारे प्रत्येक यान काही ना काही इजा सोसूनच परतते. त्याची प्रचीती पुढे वारंवार आली.

मग १९७९ उजाडले. व्हॉयेजर-१ गुरूच्या दिशेने धावत होते. २ मार्चच्या ‘सायन्स’ साप्ताहिकात स्टॅन्टन पील, पॅट्रिक कॅसेन आणि रे रेनॉल्ड्स या तिघांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. आयोचे पोट वितळलेले असले पाहिजे, असे त्यांचे गणित सांगत होते. कारण आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांना सहज उमजेल असे आहे : भरती-ओहोटी. चंद्राच्या ओढीने आपला समुद्र चढतो-उतरतो. गुरूची ओढ त्याच्या अनेक पटींनी जबरदस्त, आणि आयोवर समुद्र नाही, तेव्हा खडकच चढतो-उतरतो, तोही शंभर मीटरपर्यंत. आयो एकटाच फिरत असता तर त्याची कक्षा वर्तुळाकार होऊन ही ओढाताण केव्हाच शमली असती. परंतु युरोपाची एक फेरी होते तोवर आयोच्या दोन आणि गॅनिमीडची एक होते तोवर आयोच्या चार, असा यांचा ताल बसलेला आहे. दर ठराविक वेळी मिळणाऱ्या या हिसक्यांमुळे कक्षा लंबवर्तुळच राहते, आयो कधी गुरूच्या जवळ येतो, कधी दूर जातो, आणि सतत मळला जातो. तार वारंवार वाकवली की ती गरम होते, तसे. निबंध छापून तीन दिवस होतात न होतात तोच, ५ मार्चला, यान आयोपासून सुमारे २०,६०० किलोमीटरवरून गेले. छापलेल्या भाकिताची इतक्या तातडीने परीक्षा झाल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात फार नसतील.

छायाचित्रे येऊ लागली आणि शास्त्रज्ञ चक्रावले. पिवळा, नारिंगी, पांढरा, मधूनच काळे डाग. त्याला पिझ्झाची उपमा मिळाली आणि ती चिकटली ती कायमचीच. (येथे एक खुलासा करू. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्यातून येणारी छायाचित्रे कृष्णधवल असत; निरनिराळ्या रंगांच्या काचांतून घेतलेली चित्रे एकत्र करून रंग भरला जाई, आणि त्यांत लाल काच नव्हती. पूर्वी लग्नाच्या फोटोंवर स्टुडिओवाले हाताने गुलाबी गाल रंगवत, तसाच काहीसा हा प्रकार. खरा आयो पुष्कळ फिकट पिवळसर आहे.) रंगांपेक्षा महत्त्वाची गोष्ट होती ती जे दिसत नव्हते त्याची. विवरे कोठेच नव्हती. आकाशातून पडणाऱ्या दगडधोंड्यांनी प्रत्येक जुन्या पृष्ठभागावर विवरे पडतात. ज्याअर्थी येथे एकही नाही त्याअर्थी पृष्ठभाग अगदी ताजा, काहीतरी त्याला सतत नवे लिंपण घालत आहे, हे शास्त्रज्ञांनी ओळखले. ज्वालामुखीचा तर्कही झाला. पण हा प्रकार आज, या घटकेला चालू असेल आणि आपल्या चित्रांत तो टिपला गेला असेल, हे कोणाच्या दृष्टीस पडले नाही.

का पडले नाही, याचा विचार करण्याजोगा आहे. ज्यांना आयोचा पृष्ठभाग पाहावयाचा होता त्यांनी प्रकाश पृष्ठभागाला मानवेल असा ठेवला. भूमी स्पष्ट दिसली. कडेबाहेरचे आकाश साहजिकच काळेभोर राहिले. जिला आकाशातले तारेच हवे होते तिने भूमी बिघडू दिली, आणि आकाशात जे होते ते तिला दिसले.

आता पुन्हा ९ मार्चच्या त्या सकाळकडे वळू. ते छायाचित्र आदल्या दिवशीचे, यान आयोला मागे टाकून सुमारे ४५ लक्ष किलोमीटर दूर गेल्यावर मागे वळून घेतलेले. लिंडाबाई ढग पाहून हर्षभरित झाल्या नाहीत. त्यांनी आधी तो खोटा ठरवण्याचा प्रयत्न केला. कॅमेऱ्याचा दोष असेल काय? तसा दोष आढळेना. आयोच्या मागून डोकावणारा दुसरा एखादा चंद्र? माहीत असलेला कोणताही चंद्र त्या वेळी तेथे नव्हता, आणि अज्ञात म्हणावा तर एवढा थोरला चंद्र पृथ्वीवरून कोणाला दिसलाच नाही हे असंभव. स्टीफन सिनॉट, पीटर कुपरमन आणि स्टुअर्ट कॉलिन्स या सहकाऱ्यांबरोबर एकेक शंका निकालात काढता काढता एकच गोष्ट उरली. ढग आयोवरचाच होता. त्याची उंची अडीचशे किलोमीटरांहून अधिक भरत होती. वातावरण जवळजवळ नसलेल्या गोलावर एवढा उंच ढग एकाच रीतीने उठू शकतो : आतून कोणीतरी तो प्रचंड वेगाने वर फेकत असले पाहिजे. कडेच्या त्या जागी काय आहे हे जवळच्या चित्रांत शोधले तेव्हा तेथे एक मोठा हृदयाकृती डाग सापडला. पुढे त्या ज्वालामुखीला पेले हे हवाई बेटांवरील अग्निदेवतेचे नाव मिळाले. त्याच चित्रात दिवस-रात्रीच्या सीमेवर एक तेजस्वी ठिपकाही होता. तो दुसऱ्या ज्वालामुखीचा, लोकीचा, फवारा. खाली रात्र असताना त्याच्या माथ्यावर ऊन पडले होते.

पृथ्वीबाहेर जागृत ज्वालामुखी मनुष्यास प्रथमच दिसला होता. १२ मार्चला वार्ता जाहीर झाली. मग सर्वांनी आधीची चित्रे पुन्हा काढली, कडा उजळवल्या, आणि फवाऱ्यांमागून फवारे सापडत गेले, आठ-नऊ तरी. चित्रे अगोदरच घरात येऊन पडली होती! अवरक्त उपकरणाच्या नोंदींतही लोकीजवळ तप्त भूमी आणि सल्फर डायऑक्साइड वायू आढळला. शोधनिबंध १ जून १९७९ च्या ‘सायन्स’मध्ये आला आणि त्यावर पहिले नाव मोराबिटो यांचे होते. कॅमेऱ्याच्या शास्त्रज्ञमंडळात ज्यांची गणना नव्हती अशा मार्ग तपासणाऱ्या अभियंतीला हे श्रेय मिळाले, याचे आम्हांस विशेष समाधान वाटते. विज्ञानाच्या इतिहासात अशा जागी नेहमीच असे घडत नाही.

जुलैमध्ये व्हॉयेजर-२ गेले तेव्हा आयोवर मुद्दाम पहारा ठेवण्यात आला. पेलेचा फवारा थांबला होता. इतर बहुतेक चालू होते.

यानंतर जे यान गेले त्याचे नावच गॅलिलिओ, आणि त्याच्या नशिबीही छळ लिहिलेला होता. एप्रिल १९९१ मध्ये त्याची मोठी छत्रीसारखी अँटेना उघडलीच नाही. छोट्या अँटेनातून संदेश थेंबाथेंबाने येणार. म्हणून सारी भिस्त यानावरील टेपरेकॉर्डरवर. ऑक्टोबर १९९५ मध्ये, गुरू गाठण्यास दोन महिने उरले असता, तोच टेपरेकॉर्डर अडकला. फीत वाचली, पण तिच्यावर ताण देणे धोक्याचे झाले. ७ डिसेंबर १९९५ रोजी यान आयोपासून ९०० किलोमीटरांहूनही कमी अंतरावरून जाणार होते. त्याच दिवशी गुरूच्या वातावरणात सोडलेल्या शोधकुपीचा संदेशही साठवायचा होता. कुपी एकदाच पडणार. तेव्हा ती वाचवायची ठरली आणि आयोची छायाचित्रे रद्द करण्यात आली. वर्षानुवर्षे या एका दिवसाची तयारी केलेल्या माणसांनी कॅमेरा मिटून ठेवून आयोच्या अंगणातून जायचे! निर्णय बरोबर होता, यात शंका नाही. कोणाचा तरी जीव त्या दिवशी तुटला असेल, यातही नाही.

पुन्हा जवळ जाण्यास जवळजवळ चार वर्षे लागली, कारण त्या कणांच्या पट्ट्यात शिरण्याचा धोका मोहिमेच्या अखेरीसच पत्करण्याजोगा होता. मधल्या काळात दुरून घेतलेल्या चित्रांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. प्रोमिथिअस नावाच्या ज्वालामुखीचा फवारा १९७९ नंतर सुमारे ८५ किलोमीटर पश्चिमेस सरकला होता. ज्वालामुखी चालतो कसा? चालला होता तो लाव्हा. तो पुढे पुढे वाहत गोठलेल्या सल्फर डायऑक्साइडच्या हिमावर चढत होता आणि त्या हिमाची वाफ होऊन फवारा उठत होता. ऑक्टोबर १९९९ मध्ये यान ६११ किलोमीटरवरून गेले, पण कॅमेऱ्याच्या बिघाडामुळे अनेक चित्रे विस्कटून आली. ती गणिताने पुन्हा जुळवावी लागली. नोव्हेंबरच्या फेरीत आयो गाठण्यापूर्वी काही तास यान स्वसंरक्षणासाठी गप्प झाले. सणाची सुट्टी सोडून अभियंते धावले आणि त्यांनी ते जागे केले. अगदी निकटची चित्रे हुकली खरी, पण पाठोपाठच्या चित्रांत उत्तरेकडील एका विशाल खोलगट विवरात उसळणारा लाव्हाचा पडदा सापडला, एक किलोमीटरहून अधिक उंच, आणि इतका प्रखर की कॅमेऱ्याचे डोळे दिपले.

त्या विवरसमूहाचे नाव त्वष्टा. आयोवरील स्थळांना जगातील सर्व संस्कृतींतील अग्नी, सूर्य, मेघगर्जना आणि लोहारकाम यांच्या देवतांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. म्हणून इंद्राचे वज्र घडवणारा वेदांतील कारागीर तेथे पोहोचला आहे. सूर्याच्या नावाचेही एक विवर तेथे आहे. आणखी एक नाते आमच्या पायाखालचे. ज्यावर आमची घरे उभी आहेत तो सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी थरांवर थर पसरून गोठलेला लाव्हाच. तसे पूर वाहताना कसे दिसत असतील हे पृथ्वीवर कोणी पाहिलेले नाही. आयोवर अमिरानी येथे ३०० किलोमीटरांहून लांब प्रवाह आजच्या काळात वाहताना पाहावयास मिळाला, म्हणून दख्खनच्या पठारासारख्या प्रदेशांचा विचार करणारे भूशास्त्रज्ञही आयोकडे डोळे लावून असतात.

जानेवारी २००२ मध्ये गॅलिलिओ यानाने अखेरची भेट दिली, केवळ १०२ किलोमीटरवरून. अर्धा तास उरला असता ते पुन्हा गप्प झाले. त्या भेटीचे चित्र नाही. २१ सप्टेंबर २००३ रोजी ते गुरूच्या वातावरणात जळून गेले. २००७ साली प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्स यानाने जाता जाता त्वष्ट्याचा सुमारे ३०० किलोमीटर उंच फवारा टिपला, तोही एकापाठोपाठ पाच चित्रांत, म्हणजे फवाऱ्याची धूळ वर जाऊन खाली ओघळताना हलते चित्र म्हणून पाहता आली.

त्यानंतर सोळा वर्षांहून अधिक काळ आयोजवळ कोणी गेले नाही. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाची कक्षा हळूहळू आयोच्या दिशेने सरकत होती आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी ते १,५०० किलोमीटरवरून जाणार होते. पण कणांच्या माऱ्याने त्याच्या कॅमेऱ्याची चित्रे आधीच बिघडू लागली होती. आयोची भेट काही आठवड्यांवर आली तेव्हा तर जवळजवळ प्रत्येक चित्र रेघोट्यांनी भरून येऊ लागले. दुरुस्तीला तेथे कोण जाणार? अभियंत्यांनी एक जुना लोहारी उपाय योजला. धातू तापवून सावकाश निववला की त्याच्यातले ताण निघून जातात. त्याच न्यायाने कॅमेऱ्याचा तापक पूर्ण चालू करून तो तापवत ठेवला. प्रथम काहीच फरक पडला नाही. मग अवघे काही दिवस उरले असता चित्रे स्वच्छ होऊ लागली.

३० डिसेंबर आणि त्यानंतर ३ फेब्रुवारी २०२४ या दोन्ही भेटींत कॅमेरा चालला. लोकीचे सुमारे २०० किलोमीटर रुंदीचे लाव्हाचे सरोवर दिसले, त्यात बेटे, आणि पृष्ठभाग काही ठिकाणी काचेसारखा गुळगुळीत. उत्तरेकडे, उन्हाच्या सीमेवर, एक उंच टोकदार डोंगर लांबलचक सावली टाकत उभा होता. पाच ते सात किलोमीटर उंचीच्या या डोंगराला शास्त्रज्ञांनी आपापसांत जे नाव दिले त्याचा मराठीत अर्थ होतो चर्चच्या मनोऱ्याचा डोंगर.